विकेड: नाट्यगृहात, पडद्यावर, की दोन्हीकडे?

‘विकेड’ म्हणजे ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या गोष्टीतल्या दुष्ट चेटकिणीची तिच्या बाजूने सांगितलेली कहाणी. तिच्यावरच्या चित्रपटाचे दोन्ही भाग आता येऊन गेले आहेत: पहिला २२ नोव्हेंबर २०२४ रोजी आणि दुसरा, ‘विकेड: फॉर गुड’, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. ज्या संगीतिकेवरून ते बेतले ती न्यू यॉर्कच्या गर्श्विन थिएटरात ३० ऑक्टोबर २००३ रोजी उघडली आणि लंडनच्या अपोलो व्हिक्टोरियात सप्टेंबर २००६ मध्ये. करोनाकाळातली सक्तीची सुट्टी सोडली तर दोन्हीकडे तिचे प्रयोग चालूच राहिले. म्हणजे आज निवड खरोखर करता येते. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना ‘एक तरी ब्रॉडवे शो’ पाहायचा असतो. लंडनला शिकायला गेलेल्यांना शनिवार मोकळा असतो. बाकीच्यांसमोर घरचा टीव्ही असतो आणि पाच तास द्यावेत की नाही हा प्रश्न असतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नाट्यगृह आवाक्यात असेल आणि एकच गोष्ट पाहायची असेल, तर नाटक. इंग्रजी गाण्यांचे शब्द कानाने झरझर टिपता येत नसतील, तर आधी चित्रपटाचा पहिला भाग सबटायटल्स लावून आणि मग नाटक. हा क्रम सर्वांत फायद्याचा. नाट्यगृह शक्यच नसेल तर पहिला भाग नि:शंक पाहा. दुसऱ्या भागाचा निर्णय मात्र थोडा थांबून घ्या. तो का, ते पुढे येतंच.

कशाला किती वेळ

| | नाटक | चित्रपट, भाग १ | चित्रपट, भाग २ |
|---|---|---|---|
| लांबी | २ तास ४५ मि. (१५ मि. मध्यंतर धरून) | २ तास ४० मि. | २ तास १७ मि. |
| कथा | संपूर्ण | पहिला अंक | दुसरा अंक |
| नवी गाणी | – | नाहीत, जुन्यांचाच विस्तार | दोन |
| शब्द वाचायची सोय | निवडक प्रयोगांना | हो | हो |

या तक्त्यातली पहिली ओळ नीट पाहिली की बरंच काही कळतं. नाटकाचं मध्यंतर वजा केलं तर दीडशे मिनिटं उरतात. त्यात पहिला अंक साधारण दीड तासाचा आणि दुसरा जेमतेम तासाभराचा. चित्रपटाने पहिल्या अंकाचे १६० मिनिटं केले, दुसऱ्याचे १३७. श्रेयनामावली धरून का होईना, पहिला अंक पावणेदोन पट झाला आणि दुसरा सव्वादोन पट. म्हणजे जो अंक मुळात छोटा आणि जरा अशक्त, त्यालाच जास्त ओढलं गेलं. चित्रपटाच्या दोन भागांत जाणवणारा फरक दिग्दर्शकाच्या उत्साहापेक्षा या गणितातून जास्त येतो. दिग्दर्शक तोच, जॉन एम. चू, नट तेच, आणि दोन्ही भागांचं चित्रीकरणही एकत्रच झालं.

पहिला अंक ताणला तरी तुटत नाही याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. दोन परस्परविरोधी मुली, हिरव्या कातडीची एल्फाबा आणि सर्वांची लाडकी ग्लिंडा, एका खोलीत राहायला येतात, एकमेकींचा तिटकारा करतात, मग मैत्रिणी होतात आणि एका निर्णयापाशी वेगळ्या होतात. एवढीच सरळ रेषा. तिच्यावर कितीही नक्षी काढली तरी धागा हरवत नाही. गाजलेली बहुतेक गाणीही इथेच आहेत: ‘द विझर्ड अँड आय’, ‘पॉप्युलर’, ‘डान्सिंग थ्रू लाइफ’, ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’.

आपल्याकडच्या चित्रपटगृहांत यात एक गंमत झाली. पहिला भाग म्हणजे मुळात मध्यंतरापर्यंतचं नाटक, आणि त्याच्याही मध्ये आपल्या रिवाजाप्रमाणे मध्यंतर पडलं. घरी पाहताना तुम्हाला थांबायचंच असेल तर ऑझडस्ट बॉलरूम या नृत्यगृहातला नाच संपल्यावर थांबा. त्याआधी थांबलात तर मैत्री जुळण्याचा क्षण दोन तुकड्यांत जातो.

एकच गाणं, दोन यंत्रणा

‘विकेड’ कुठे पाहायचं याचा निकाल अनेकांच्या बाबतीत एका गाण्यावर लागतो, म्हणून ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’वर थोडं रेंगाळू या.

रंगमंचावर हे गाणं पहिल्या अंकाच्या शेवटी येतं. एल्फाबा अंधारात मागे सरकते आणि कमरेशी पक्की होणाऱ्या उचलयंत्रावर उभी राहते. यंत्र झाकण्यासाठी तिच्या काळ्या झग्याचा घेर खालपर्यंत पसरलेला असतो. शेवटच्या कडव्यात यंत्र वर जातं, खालून आणि मागून प्रकाशाचे झोत पंख्यासारखे उघडतात, धूर त्या झोतांना आकार देतो आणि वरच्या पट्टीतल्या शेवटच्या आरोळीवर काळोख होतो. बस्स. तारांवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर उडणं वगैरे काही नाही. ती काही फूट वर जाते आणि तिथेच राहते. एवढ्यावर हजार-दोन हजार माणसांचा श्वास अडकतो, कारण गाणारी बाई खरी आहे, तो स्वर आत्ता लागायचा आहे आणि चुकला तर पुन्हा घ्यायची सोय नाही. २००३च्या मूळ ध्वनिमुद्रणात हे गाणं सहा मिनिटांच्या आत संपतं.

कधीकधी उचलयंत्र चालत नाही. अशा प्रयोगाला तिथली मंडळी ‘नो फ्लाय’ म्हणतात. मग एल्फाबा जमिनीवरूनच पुढे येते आणि समूहातले नट तिच्याभोवती जमिनीवर पडतात, म्हणजे ती उंच दिसावी. इतके पैसे देऊन गेलेल्याला वाईट वाटेल हे खरं. पण गाणं तरीही उभं राहतं, यावरून त्या गाण्यात यंत्राचा वाटा किती आणि गळ्याचा किती याचा अंदाज यावा.

चित्रपटात हेच गाणं पुन:पुन्हा थांबतं. पहारेकरी धावतात, गरम हवेच्या फुग्यातून पळायचा प्रयत्न फसतो, एल्फाबा मनोऱ्यावरून खाली कोसळते, पडतापडता काचेत तिला आपलंच लहानपण दिसतं आणि मग झाडू हाती येतो. ध्वनिमुद्रिकेवर गाणं सात मिनिटांच्या वर आहे; पडद्यावर अधलेमधले प्रसंग धरले तर त्याहून कितीतरी जास्त. सिंथिया इरिव्होने हे तारांवर लटकून, चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायलं आहे, आणि तिच्या आवाजातला दम ऐकू येतो. तरीही मूळ गाण्याची चढण इथे सलग राहत नाही. ताण वाढतो, सुटतो, पुन्हा वाढतो. ज्यांनी नाटक आधी पाहिलं आहे त्यांना हे थांबे बोचतात. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हा शेवट जबरदस्त वाटतो, आणि तो आहेही. चित्रपट आधी आणि नाटक मागाहून, असा क्रम आम्ही सुचवतो त्यामागे हेही एक कारण आहे: या दिशेने गेलं तर दोन्ही आवडतात, उलट दिशेने गेलं तर तुलना आड येते.

चित्रपटाने काय कमावलं

ऑझडस्ट बॉलरूमचा प्रसंग. ग्लिंडाने खोडसाळपणे दिलेली टोकदार टोपी घालून एल्फाबा नाचायला येते, सगळे हसतात आणि ती एकटीच विचित्र नाचू लागते. रंगमंचावर हा क्षण पटकन जातो. प्रेक्षक आधी हसतात, मग गप्प होतात आणि लगेच पुढचा प्रवेश येतो. चित्रपट इथे जवळपास आवाज बंद करून थांबतो. कॅमेरा इरिव्होच्या चेहऱ्याजवळ जातो, ग्लिंडा पुढे येऊन तिच्या हालचाली तशाच करू लागते, आणि मैत्री आपल्या डोळ्यांसमोर होते. गर्श्विनच्या मागच्या रांगेतून हे कधीच दिसणार नाही, कारण तिथून चेहरा बोटाच्या पेराएवढा असतो. पूर्ण ‘विकेड’मध्ये चित्रपट नाटकावर निर्विवाद मात करतो ती जागा हीच.

प्राण्यांचं कथानकही चित्रपटात जास्त पटतं. ऑझ या काल्पनिक देशात बोलणाऱ्या प्राण्यांचे हक्क काढून घेतले जात आहेत, त्यांना पिंजऱ्यात घालून मुकं केलं जातं आहे, ही गोष्टीची राजकीय बाजू. रंगमंचावर डॉक्टर डिलामंड हा बोकड-प्राध्यापक म्हणजे मुखवटा घातलेला नट; त्याची व्यथा कळते, पण ती एका प्राध्यापकापुरती वाटते. चित्रपटात तो संगणकावर घडवलेला खराखुरा बोकड आहे, आवाज पीटर डिंकलेजचा. शिवाय एल्फाबाला लहानपणी सांभाळणारी अस्वलीण दाई आणि रात्री डिलामंडच्या घरी जमणारे घाबरलेले प्राणी हे प्रसंग नव्याने घातले आहेत. त्यामुळे एल्फाबा सगळं पणाला का लावते, हे नाटकापेक्षा चित्रपटात अधिक स्पष्ट होतं.

शिझ विद्यापीठात ती पोचते कशी, यातही बदल आहे. नाटकात बाप तिला धाकट्या बहिणीची काळजी घ्यायला म्हणून सोबत पाठवतो. चित्रपटात ती बहिणीला फक्त सोडायला आलेली असते आणि तिच्या हातून जादू घडल्यावर तिथली जादूची प्राध्यापिका मॅडम मॉरिबल तिला जागच्या जागी ठेवून घेते. बारीक बदल, पण नकोशी मुलगी ‘निवडली’ जाते म्हटल्यावर लगेच पुढे येणाऱ्या ‘द विझर्ड अँड आय’ला बळ मिळतं. बहीण नेसारोझची भूमिका मरिसा बोडी हिने केली आहे, ती प्रत्यक्षातही व्हीलचेअर वापरते. दुसऱ्या भागात नेसारोझच्या बुटांवरच्या मंत्राचा प्रसंग याच दृष्टीने बदलला आहे: नाटकात ती उठून चालू लागते, चित्रपटात ती अधांतरी तरंगते. व्हीलचेअर म्हणजे ‘बरं’ करून टाकायची गोष्ट, हा जुना सूर त्यामुळे गेला. नाटकाच्या जाणकारांपैकी काहींना हा बदल रुचला नाही. आम्हाला तो बरोबर वाटतो.

आणि अर्थातच जागा. कलादिग्दर्शक नेथन क्रॉली यांनी बरंच काही प्रत्यक्ष उभारलं: एल्फाबाच्या मुलखाभोवती, म्हणजे मंचकिनलँडभोवती, इंग्लंडच्या नॉरफकमध्ये ट्यूलिपची शेतं लावली (निर्मात्यांनी सांगितलेला आकडा ९० लाख फुलांचा), ऑझची राजधानी एमरल्ड सिटीची आगगाडी बांधली, ‘डान्सिंग थ्रू लाइफ’साठी फिरत्या चक्रांचं ग्रंथालय केलं. त्या चक्रांत नाचणाऱ्यांकडे पाहताना हे रंगमंचावर शक्य नाही हे मान्य करावंच लागतं. जोनाथन बेलीच्या फियेरोला, म्हणजे शिझमध्ये येणाऱ्या राजपुत्राला, ही जागा मिळाली नसती तर त्याची भूमिका निम्मी झाली असती.

एक योगायोग नोंदवण्यासारखा. नाटकाला २००४ मध्ये टोनी या ब्रॉडवेच्या पुरस्कारांची दहा नामांकनं होती. तीन पुरस्कार मिळाले. इडिना मेन्झेलचा अभिनेत्रीचा एक, उरलेले दोन नेपथ्य आणि वेशभूषेचे. पहिल्या चित्रपटालाही ऑस्करची दहाच नामांकनं होती. दोन पुरस्कार मिळाले, तेही कलादिग्दर्शन आणि वेशभूषेचेच. सर्वोत्कृष्ट संगीतिका आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट हे दोन्ही मान हुकले. ‘विकेड’ आधी डोळ्यांनी जिंकतं, माध्यम कुठलंही असो.

नाटकाकडे जे आहे

वेग. रंगमंचावर प्रवेश बदलायला दहा सेकंद पुरतात आणि विनोद एकामागून एक येतात. ग्लिंडाच्या भूमिकेतली नटी त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर खेळते: हशा आला तर केस उडवायला अर्धा क्षण जास्त घेते, नाही आला तर पुढे सरकते. आरियाना ग्रांडेने पडद्यावर ग्लिंडा फार नेमकी केली आहे, पण तिच्या विनोदाला कुणी दाद देतंय की नाही हे तिला कळायची सोय नाही. संकलकाने हशासाठी सोडलेल्या जागा घरच्या दिवाणखान्यात रिकाम्या वाटतात. संगीत नाटक पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको. मात्र इथे ‘वन्स मोअर’ मिळत नाही. वाद्यवृंद, दिवे आणि यंत्रं ठरलेल्या इशाऱ्यांवर चालतात.

दुसरं म्हणजे संपूर्ण गोष्ट एका बैठकीत. सुरुवातीला ऑझवासी चेटकिणीच्या मरणाचा आनंद साजरा करतात आणि ग्लिंडा बुडबुड्यातून उतरून त्यांच्यात सामील होते. त्या दृश्याचा खरा अर्थ शेवटी कळतो. नाटकात या दोन टोकांत पावणेतीन तास असतात. चित्रपट ज्यांनी प्रदर्शित होताच पाहिले त्यांच्यासाठी हे अंतर एक वर्षाचं होतं. आता घरी पाहणाऱ्यांना ती अडचण नाही, तेव्हा दोन भागांत आठवड्याहून जास्त खंड पाडू नका. एकाच दिवशी दोन्ही पाहणंही टाळा. पावणेपाच-पाच तासांनंतर ‘फॉर गुड’ हे गाणं थकलेल्या कानांवर पडतं, आणि ते वाया घालवण्यासारखं गाणं नाही.

नाटकातली उणीवही सांगायला हवी: दुसरा अंक घाईत उरकतो. चार-पाच पात्रांची नशिबं तासाभरात पालटतात आणि त्यांतली दोन-तीन वळणं एकेका वाक्यात सांगून टाकलेली आहेत.

दुसरा भाग: कुणी पाहावा, कुणी सोडावा

ही घाई दूर करणं हे ‘फॉर गुड’चं काम होतं. काही ठिकाणी ते झालं. पिवळ्या विटांचा रस्ता गुलाम प्राण्यांकडून बांधून घेतला जातो आहे, हे सुरुवातीलाच दिसतं आणि एल्फाबाच्या लढ्याला ठोस रूप येतं. ‘वंडरफुल’ या गाण्यात आता ऑझवर राज्य करणाऱ्या जादूगारासोबत ग्लिंडाही आहे, त्यामुळे मोह दोन बाजूंनी येतो. ‘नो गुड डीड’ हा इरिव्होचा या भागातला सर्वोच्च बिंदू. ‘फॉर गुड’ गाताना दोघींच्या मध्ये बंद दार आहे, ही कल्पना साधी आणि चोख.

बाकी ठिकाणी मात्र वाढवलेली लांबी जाणवते. दोन नवी गाणी नाटकाचे गीतकार-संगीतकार स्टीवन श्वार्ट्झ यांनीच लिहिली: एल्फाबासाठी ‘नो प्लेस लाइक होम’ आणि ग्लिंडासाठी ‘द गर्ल इन द बबल’. संगीतिकेवरच्या चित्रपटात नवं गाणं घालण्याची हॉलिवूडची पद्धत जुनी आहे, कारण ऑस्करच्या गाण्याच्या विभागात चित्रपटासाठी लिहिलेलंच गाणं चालतं. आपल्याकडे १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’चा २०१५ मध्ये चित्रपट झाला तेव्हाही जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी बसवली होती, आणि ती स्वत:च्या बळावर लोकप्रिय झाली. इथे तसं होत नाही. दोन्ही गाणी संथ आहेत, दोन्ही पात्रांच्या मनात काय चाललंय ते सांगतात, आणि ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. ग्लिंडाच्या गाण्यात आरशांमधून ये-जा करणारा कॅमेरा मात्र पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या भागाची एक अट आहे, जिच्याकडे भारतातल्या प्रेक्षकांचं हमखास दुर्लक्ष होतं. तुम्हाला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ची मूळ गोष्ट माहीत हवी: वावटळीने उडून आलेली डोरोथी, तिचे तीन सोबती, बूट, पाण्याची बादली. अमेरिकन मुलांना ही गोष्ट पाठ असते. मराठी घरांत ती क्वचितच सांगितली जाते. पहिला भाग तिच्याशिवाय चालतो. दुसरा भाग तिच्याभोवतीच फिरतो आणि डोरोथीचा चेहराही मुद्दाम दाखवत नाही, कारण प्रेक्षकाला ती ओळखीची आहे असं गृहीत धरलेलं आहे. म्हणून दोन भागांच्या मध्ये १९३९चा चित्रपट पाहा. तो पावणेदोन तासांच्या आत संपतो. बुटांचं कोडंही मग सुटतं. फ्रँक बॉम यांच्या १९००च्या पुस्तकात बूट चांदीचे आहेत. ते लाल झाले १९३९च्या चित्रपटात, आणि त्या लाल बुटांचे हक्क वेगळ्या कंपनीकडे आहेत. म्हणून नाटकात आणि या चित्रपटांत बूट रुपेरी असतात आणि लाली फक्त प्रकाशातून सुचवली जाते.

तर दुसरा भाग कुणी पाहावा? पहिला आवडला आणि नाटक पाहायची शक्यता नाही, अशांनी. गोष्टीचा शेवट कळायलाच हवा, आणि दुसरा मार्ग नाही. मूळ नाटकाचं अधिकृत पूर्ण चित्रीकरण कुठे उपलब्ध नाही. नाटकाची तिकिटं हातात असतील तर दुसरा भाग प्रयोगानंतरसाठी ठेवा. पहिल्याच भागात कंटाळा आला असेल तर सोडून द्या. दुसरा तुमचं मत बदलणार नाही.

नाटकाला जाणार असाल तर

न्यू यॉर्कचं गर्श्विन हे ब्रॉडवेवरच्या सर्वांत मोठ्या नाट्यगृहांपैकी आहे, १९०० हून अधिक खुर्च्या. मोठं आणि रुंद, त्यामुळे कडेच्या खुर्च्या घेऊ नका; नेपथ्याचा एक भाग कापला जातो. पैसे सारखेच जात असतील तर तळमजल्यावरच्या मागच्या रांगांपेक्षा वरच्या मजल्याची पहिल्या रांगांतली मधली जागा चांगली. प्रकाशाच्या झोतांची रचना तिथून पूर्ण दिसते. अगदी पहिल्या दोन-तीन रांगांत चेहरे जवळून दिसतात, पण ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’त मान वर करून बसावं लागतं.

लंडनचं अपोलो व्हिक्टोरिया १९३० मध्ये चित्रपटगृह म्हणून बांधलेलं. व्हिक्टोरिया स्टेशनला लागूनच आहे. तळमजल्यावर फार मागे बसलात तर वरच्या सज्जाचं छत पुढे येतं आणि रंगमंचाच्या माथ्यावरचा मोठा यांत्रिक ड्रॅगन कापला जातो. नाटक सुरू होताना तोच हलतो, तेव्हा तो चुकवू नका.

तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो. शनिवार, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या सर्वांत महाग. मंगळवार-बुधवार त्यातल्या त्यात बरे. अधिकृत ऑनलाइन लॉटरीत नाव घाला, लागली तर थोडक्यात भागतं. मात्र लॉटरीच्या भरवशावर संपूर्ण कुटुंबाचा बेत आखू नका, कारण एका नावावर दोनच तिकिटं मिळतात. शोधयंत्रावर वर दिसणाऱ्या पहिल्या दुव्यावरून घाईत विकत घेऊ नका. तो बरेचदा पुनर्विक्रेत्याचा असतो आणि दर दुप्पट. नाट्यगृहाच्या स्वत:च्या स्थळावर जा.

कोण काम करणार हे ठरवून जाऊ नका. आठवड्याला आठ प्रयोग असतात आणि एल्फाबाची भूमिका गळ्याला इतकी जड आहे की बदली नटी सज्ज ठेवावीच लागते. बदली म्हणजे दुय्यम नव्हे. अनेकदा ताज्या गळ्याची एल्फाबा ऐकायला मिळते.

शब्दांचा प्रश्न खरा आहे. ‘नो वन मॉर्न्स द विकेड’ आणि ‘वन शॉर्ट डे’सारखी समूहगीतं एकदम अनेक आवाजांत येतात, आणि ऑझवासी इंग्रजी शब्दही वाकडेतिकडे करून बोलतात. लंडनमध्ये ठरावीक तारखांना शब्द पडद्यावर दाखवणारे प्रयोग होतात. न्यू यॉर्कमध्ये अशी काय सोय आहे ते तिकीट घेतानाच विचारा. नाहीतर २००३चं मूळ ध्वनिमुद्रण आधी शब्द वाचत दोनदा ऐका. ते नुसतं ऐकायलाही उत्तम आहे. मूळ संचातली एल्फाबा मेन्झेल आणि ग्लिंडा क्रिस्टिन चेनोवेथ यांचे आवाज त्यात आहेत. (या दोघी पहिल्या चित्रपटात एमरल्ड सिटीच्या प्रसंगात थोडा वेळ दिसतात. ओळखता आल्या तर मजा, नाही तर प्रसंग विनाकारण लांबल्यासारखा वाटतो.)

घरी पाहणार असाल तर

पहिल्या भागावर आलेली सर्वांत मोठी तक्रार रंगांबद्दल होती: इतकं रंगीत नेपथ्य, आणि चित्र फिकट. बऱ्याच दृश्यांत प्रकाश पात्रांच्या मागून येतो, त्यामुळे चेहरे मंद आणि पार्श्वभूमी पांढुरकी दिसते. ही दिग्दर्शकाची निवड आहे. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर टाकून ती दुरुस्त होत नाही, उलट एल्फाबाची हिरवी कातडी पोपटी होते. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड ठेवा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि खोलीत काळोख करा. दुसरा भाग आणखी गडद आहे, दुपारी खिडक्या उघड्या ठेवून निम्मा दिसणारच नाही.

आवाजाकडे त्याहून जास्त लक्ष द्या. टीव्हीच्या स्वत:च्या स्पीकरवर वाद्यवृंद गायकांना गिळतो. साउंडबार असेल तर संवाद ठळक करणारी सोय चालू करा; नसेल तर चांगले हेडफोन बरे. फोनवर पाहण्याचा विचार मात्र करूच नका.

मुलं सोबत असतील तर

ब्रॉडवेवर आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी शिफारस आहे आणि पाचाखालच्यांना प्रवेश नाही. आमच्या मते आठ वर्षांच्या मुलाला दुसरा अंक जड जातो. पहिला चित्रपट सात-आठ वर्षांच्या मुलांना चालेल, पण शेवटाकडे माकडांना पंख फुटतात तो प्रसंग भीतिदायक आहे: किंचाळणं, पाठीतून निघणारी हाडं. आधी सांगून ठेवा किंवा तेवढं पुढे ढकला. दुसऱ्या भागात मृत्यू, छळ आणि शरीरं बदलून जाण्याचे प्रसंग आहेत. तो दहा वर्षांनंतर.

आणि चित्रपट आवडला म्हणून मुलीला वाढदिवसाला ग्रेगरी मॅग्वायर यांची १९९५ची मूळ कादंबरी आणून देऊ नका. मुखपृष्ठावर चित्रपटाचं चित्र असलं तरी आतला मजकूर मोठ्यांसाठी आहे: लैंगिक प्रसंग, हिंसा, आणि नाटकापेक्षा फार वेगळा, कडवट शेवट. तिच्यासाठी बॉम यांचं १९००चं पुस्तक घ्या.